वेस्लीचे आकाश
चार्ल्स वेस्ली १७०७ साली इंग्लंडातील एपवर्थ गावी जन्मला. बाप धर्मोपदेशक, पण कर्जापायी तुरुंग पाहिलेला. ऑक्सफर्डला शिकून चार्ल्सही धर्मोपदेशक झाला. त्याने हजारो भक्तिगीते रचली. त्यांतले नाताळचे एक गीत १७३९ साली छापले गेले. त्यात आकाशाला ‘वेल्किन’ हा जुना शब्द होता. १७५३ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्डने तो काढून तेथे देवदूत आणले. आज तेच गातात. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. मला ‘वेल्किन’ कोशात शोधावा लागला. तरी मला तोच आवडतो. देवदूत तर गाणारच! वेस्लीने सारे आकाशच गायला लावले होते. १७८८ मध्ये तो वारला. मेंडेल्सॉनची आजची चाल गीताला लागली १८५५ साली. ती त्याने ऐकलीच नाही.