पंडिता रमाबाई: धर्म बदलला, माणूस तोच राहिला

हैदराबादेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आम्हा मराठी मंडळींना एक प्रश्न जन्मभर पुरतो. तुम्ही नक्की कुठले? पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आम्ही हैदराबादी वाटतो, इथल्या शेजाऱ्यांना महाराष्ट्रातले. दोन्ही उत्तरे खरी असतात आणि दोन्ही अपुरी. या वेळी ज्यांचे चरित्र सांगायचे ठरवले आहे, त्या पंडिता रमाबाईंना हाच प्रश्न याहून फार कठोरपणे विचारला गेला. पुण्याने त्यांना ख्रिस्ती म्हणून दूर लोटले आणि विलायतेतल्या ख्रिस्ती मंडळींना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. आमच्या लहानपणी घरात त्यांचे नाव निघाले की मोठ्यांचा आवाज थोडा खाली येई. विद्वान बाई, पण बाटली, एवढ्यावर विषय संपत असे. आता वयाच्या या टप्प्यावर त्यांचे आयुष्य नीट वाचल्यावर वाटते की विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि गाढे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी घरात अमलात आणले. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. त्यावरून वाद झाला तेव्हा उडुपीच्या विद्वानांपुढे शास्त्राधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. लोक काय म्हणतील म्हणून शिकवणे थांबवले नाही. पुढे लहानग्या रमेला आईने पहाटे उठवून संस्कृत पाठ दिले.

आश्रमातले विद्यार्थी आणि आल्यागेल्याचा पाहुणचार यांत पैसा संपला. कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुराण सांगून गुजराण करू लागले. रमाबाईंचे बालपण असे रस्त्यावर गेले. आईवडिलांच्या तोंडचे बोलणे ऐकून आणि मिळेल ते वाचून त्यांनी मराठी कमावली, आणि फिरता फिरता कानडी, हिंदुस्थानी, बंगालीही शिकल्या. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवणे म्हणजे काय, हे आम्हाला त्यांना वेगळे सांगायला नको.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. होते नव्हते ते दानधर्मात आणि देवदर्शनात गेले. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे गेली. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला आणि १८७८ मध्ये कलकत्ता गाठले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच बहीण-भाऊ पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींच्या एका बैठकीला गेले. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून दोघांना वाटले की ही माणसे खुर्च्यांची पूजा करतात. संस्कृतातले बायबल भेट मिळाले, पण त्या वेळी त्यात मन रमले नाही. त्याच शहरात बायकांना धर्मशास्त्र समजावून सांगण्यासाठी त्यांनी स्मृतिग्रंथ बारकाईने वाचायला घेतले. ग्रंथाग्रंथांत हजार मतभेद, पण स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्यात सर्वांचे एकमत, असे त्यांना दिसले. श्रद्धेला पहिला तडा तिथे गेला. तो मिशनऱ्याच्या उपदेशाने नव्हे, आपल्याच ग्रंथांच्या वाचनाने गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मेधावी बंगाली आणि ब्राह्मणेतर होते, त्यामुळे नातेवाइकांनी दार लावून घेतले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, पदरात मूल, माहेर नाही, सासर नाही.

पुण्याच्या सुधारकांनी त्यांना बोलावून घेतले. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे ठासून सांगितले. स्वतःच वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. जाताना आपण धर्म सोडणार नाही असे त्यांनी सांगितले होते. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. रमाबाईंना तो फार मोठा धक्का होता.

भगिनींचे एक काम त्यांनी लंडनजवळ फुलहॅम येथे पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जाई आणि पुन्हा उभे केले जाई. असे काम आपण कुठे पाहिले नाही, हे त्यांच्या मनात घर करून राहिले. या दयेचे मूळ कुठे आहे असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीला भेटणाऱ्या येशूची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथवरची हकिगत बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते.

ख्रिस्ती झाल्यावर बाईंनी आपली विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. मांसाहार नाही, अंडेही नाही, ही घरची रीत त्यांनी विलायतेत पाळली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, लॅटिन काय जास्त पवित्र आहे, असे त्यांनी विचारले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. पटत नाही तोवर मान्य आहे असे म्हणायला त्यांनी नकार दिला आणि तो सिद्धांत मुलीच्या मनावर बिंबवण्यालाही हरकत घेतली. त्यांची जबाबदारी पाहणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी या सगळ्यावर लांबलचक पत्रव्यवहार झाला. त्यात प्रेम होते आणि भांडणही होते. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकले आहे, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असा बाईंच्या पत्रांचा एकूण सूर आहे.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्यावर आक्षेप घेतला. जी बाई कलकत्त्याच्या पंडितसभेत बोलली होती, तिला हे कसे रुचावे? त्यांनी आपली नाराजी स्पष्ट कळवली. खाण्यापिण्याचा, राहण्याचा सगळा आधार ज्यांचा, त्यांनाच नाही म्हणणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकाचा मार्ग बंद झाला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे गावोगाव व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. अट एवढीच की शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि मुलींना आपापले आचार पाळू द्यायचे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई नावाच्या एक बालविधवा होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. त्यानंतरच्या काळात रमाबाईंच्या आयुष्यात एक बदल झाला. आजवर आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, ख्रिस्त मात्र आता मिळाला, असे त्यांना वाटू लागले आणि त्यांनी ते लपवले नाही. त्या आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या.

यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. सल्लागार असलेल्या न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. जी मुलगी अन्नवस्त्रासाठी बाईंवर अवलंबून आहे, तिच्यावर बाईंच्या वागण्याचा दाब पडणारच, आणि पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. बाईंचे उत्तर असे होते की मी वर्गात धर्म शिकवत नाही, कोणाला बोलावत नाही, कोणाच्या आचाराला हात लावत नाही. पण माझ्या खोलीत मी चोरून प्रार्थना करणार नाही आणि आपणहून आलेल्या मुलीला हाकलणारही नाही.

आम्ही मंडळात यावर बोललो तेव्हा आमच्यात दोन मते पडली आणि अजून आहेत. एक गोष्ट मात्र सर्वांना मान्य झाली. दार लावून घेतले असते तर रानडे-भांडारकरांसारखी माणसे टिकली असती, शाळा भरलेली राहिली असती, आणि आत काय चालते ते कोणी विचारले नसते. बाईंनी तोटा पत्करला, आडोसा पत्करला नाही. बॉस्टनच्या मंडळाने सगळे समजून घेऊन त्यांच्यावरचा विश्वास कायम ठेवला. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपल्यावर त्यांनी आपली संस्था उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालवली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंनी स्वतःच्या आईवडिलांना उपासमारीने जाताना पाहिले होते. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सगळी कामे बायकाच करू लागल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जाई.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची कशी आबाळ होते, याविषयी रमाबाईंनी वर्तमानपत्रात सडेतोड लिहिले. सरकार इंग्रजांचे, धर्मही त्यांचाच, मदत परदेशातून येणारी. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. चार वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना परक्यांच्या हातचे बाहुले म्हटले होते, त्यांनी या पत्राकडे पाहायला हवे होते.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मूळ भाषांतून करायचे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शब्द असे निवडले की खेड्यातल्या साध्या बाईला कळावेत. संस्कृताची पंडिता सोपी मराठी लिहायला बसली, यात त्यांच्या साऱ्या आयुष्याचा प्रवास दिसतो.

आमच्या निजामी मुलखाशीही त्यांचा धागा आहे. तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या गुलबर्ग्याला त्यांनी मुलींची शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी ती चालवली. त्या काळी त्या भागात मुलींच्या शिक्षणाची काय अवस्था होती, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींवरून आपल्याला ठाऊक आहे. हाताशी आलेली ही कर्तबगार लेक २४ जुलै १९२१ रोजी गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगावला देह ठेवला. संपूर्ण भाषांतर त्यांच्या मागे, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्यापैकी काहींचे आयुष्य बँकेत गेले. खाते उघडताना घेतलेली नमुना सही आणि वीस वर्षांनी चेकवर आलेली सही आम्ही ताडून पाहत असू. माणसाचा पत्ता बदलतो, कधी नावही बदलते, पण सही जुळली की माणूस तोच. रमाबाईंनी घर बदलले, प्रांत बदलले, धर्म बदलला. उडुपीला वडिलांनी केली ती सही, म्हणजे जे पटले ते उघडपणे करायचे आणि जे पटले नाही ते कोणाच्याही भिडेने करायचे नाही, वाँटेजला, पुण्याला आणि केडगावला जशीच्या तशी जुळते.

त्यांचा धर्म आपल्यातल्या बहुतेकांचा नाही आणि त्यांची सगळी मते पटायला हवीत असेही नाही. पण घरात त्यांचे नाव निघेल तेव्हा आता आवाज खाली आणायचे कारण उरलेले नाही. नातवंडांनी विचारले तर त्यांना हे सगळे सांगावे, १८९३ च्या वादाच्या दोन्ही बाजूंसकट.