सेवासदनाच्या रमाबाई

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनास शाळेच्या माजी विद्यार्थिनींना बोलवावे, असे ठरले होते. परिचारिकेचा पेशा पत्करलेल्या दोघीजणी आमच्या डोळ्यांपुढे होत्या. एकीने बेळगावात राहून बीएस्सी नर्सिंगची चार वर्षांची पदवी मिळविली. दुसरीने एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून निपाणीजवळच्या एका खेड्यातील आरोग्य उपकेंद्रात नोकरी धरली. शाळेत असताना या दोघी एकाच बाकावर बसत. निमंत्रण घेऊन आम्ही दुसरीच्या घरी गेलो, तेव्हा तिने येण्याचे नम्रपणे नाकारले. कारण विचारले तर ती खाली मान घालून गप्प राहिली. निघताना तिची आई दारापर्यंत पोहोचवायला आली आणि तिने हळूच सांगितले, की पदवी घेतलेल्या मैत्रिणीच्या शेजारी व्यासपीठावर बसायला मुलीला संकोच वाटतो. चार लोक शिक्षणाची तुलना करतील, आणि आपण फक्त सुया टोचणारी बाई ठरू, असे तिला वाटत होते.

परतीच्या एसटीत आम्हांस पुण्यातील एका जुन्या बक्षीस समारंभाची आठवण झाली. त्या समारंभात एका बाईने जे केले, ते आपल्या मुलामुलींना ठाऊक असावयास हवे असे वाटले. म्हणून हा चरित्रपर लेख. त्या बाईंचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म जानेवारी महिन्यातला. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव. माहेरचे आडनाव कुर्लेकर. मुलींना अक्षर शिकविणे हे त्या काळी अशुभ मानीत, त्यामुळे लहानग्या यमूला (माहेरी त्यांचे नाव यमुना होते) पाटीपेन्सिलीची ओळख नव्हती. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक, इंग्रजी विद्येत पारंगत आणि सरकारी न्यायाधीश. अशा पुरुषाची पत्नी निरक्षर! विद्येचे एवढे मोठे अंतर एका छपराखाली क्वचितच पाहावयास मिळेल.

रानड्यांनी या अंतराचा कधी तोरा मिरविला नाही. कचेरीचे काम आटोपून रात्री ते पत्नीला शिकवीत बसत. प्रथम मराठी अक्षरे, मग वाचन, पुढे इंग्रजी. परंतु घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. दिवसभर स्वयंपाकघरात राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या या सुनेला त्यांचे टोमणे ऐकावे लागत; इंग्रजी शिकल्याबद्दल सोवळ्याओवळ्याचा जाच सोसावा लागे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. विद्येवरून माणूस माणसाला कसे टोचते, हे त्या घरातच शिकल्या. पुढे आयुष्यभर त्यांच्या वागण्यात जी दक्षता दिसते, तिचे मूळ आम्हांस येथे आढळते. आपल्याला मिळालेल्या विद्येने त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी टोचले नाही.

नाशिकास रानड्यांची बदली झाली असता तेथील एका शालेय समारंभात रमाबाई पहिल्यांदा चार लोकांत बोलल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून जी खटपट झाली, तीत त्यांचा भाग होता. ते हायस्कूल 1884 साली सुरू झाले. 1901 च्या जानेवारीत न्यायमूर्ती वारले. रमाबाईंचे वय तेव्हा अडतीस. विधवेने कोपऱ्यात बसावे, हा तेव्हाचा रिवाज. रमाबाईही काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. पण पुढे त्यांनी येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांची विचारपूस सुरू केली. सणावाराला फळे-फुले घेऊन त्या रुग्णालयातील आजाऱ्यांकडे जात. आळंदीच्या यात्रेत स्त्रियांच्या मदतीस स्वयंसेविका नेत. पतीच्या सहवासातील आठवणींचे त्यांचे पुस्तक 1910 साली निघाले. ते मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोन समाजसुधारक त्यांच्याकडे आले. हिंदी स्त्रियांना शुश्रूषेचे व सेवेचे शिक्षण देणारी संस्था काढावी, असा त्यांचा मानस होता. याच गिडुमलांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला 1892 साली फ्लॉरेन्स नायटिंगेल बाईंनी प्रस्तावना लिहिली होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रमाबाईंनी मार्गदर्शनाची जबाबदारी घेतली आणि मुंबईस सेवासदन उभे राहिले. पुढच्याच वर्षी पुण्यासही सेवासदनाचे काम सुरू झाले. अध्यक्षस्थान रमाबाईंकडे आले, आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे उजवे हात बनले.

परिचारिकेच्या धंद्याकडे त्या वेळचा पांढरपेशा समाज कोणत्या नजरेने पाही, याची आज कल्पना येणार नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे, सर्व जातींच्या रोग्यांचे मळमूत्र काढावयाचे. कुलीन घरची लेक असले काम करील काय, असे लोक विचारीत. सरकारी इस्पितळांत वरच्या जागांवर बहुधा युरोपीय व अँग्लो-इंडियन बायका असत. देशी बाई तेथे पोहोचली तरी तिचे स्थान पायरीच्या तळाशी. बाहेरून घृणा आणि आतून उपेक्षा, अशी दुहेरी अडचण होती.

रमाबाईंनी ज्यांना या कामासाठी पुढे आणले, त्यांत तरुण विधवा पुष्कळ होत्या. ससून रुग्णालयाच्या साहाय्याने त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. काही जणी सुईणीचे काम शिकल्या, काही परिचारिका झाल्या, तर काहींनी त्याहून वरचे वैद्यकीय शिक्षण घेतले. सदनाने पुढे जी वसतिगृहे चालविली, त्यांत वैद्यकीय विद्यार्थिनींसाठी एक होते, तशीच शिकाऊ परिचारिकांसाठीही होती. म्हणजे पायऱ्या तेथेही होत्या. रमाबाईंनी त्या पुसून टाकल्या नाहीत. ज्या कामाला जेवढे ज्ञान हवे, तेवढे शिकलेच पाहिजे आणि परीक्षा दिलीच पाहिजे, असा सदनाचा दंडक होता. स्वतः रमाबाईंकडे कसलेही प्रमाणपत्र नव्हते. परंतु आपल्या मुलींच्या हाती ते पडावे यासाठी त्या झिजल्या. निराधार बाईला नुसती दया पुरत नाही, तिला विद्येचा पुरावा लागतो, हे त्या ओळखून होत्या.

आता तो समारंभ. सेवासदनाच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा वार्षिक बक्षिसे वाटली जात होती. गॅलरीत कॉलेजचे विद्यार्थी बसले होते. नाव पुकारले गेले, आणि एक तरुण विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास पुढे आली. तिचे केशवपन झालेले होते, अंगावर एकच लुगडे होते. ती संकोचाने अर्धी झाली होती. तिला पाहताच गॅलरीतून हुर्यो उठली. समारंभ संपत आला तेव्हा रमाबाई उभ्या राहिल्या. एरवी मृदू बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज त्या दिवशी सिंहिणीसारखा झाला, असे सांगतात. दुष्ट रूढीला बळी पडलेल्या गरीब पोरीविषयी ज्याला सहानुभूती वाटत नाही, उलट जो तिची थट्टा करतो, त्याने कॉलेजात नाव घातले म्हणून त्याला सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभेत सामसूम झाली.

विद्यार्थी मित्रहो, या प्रसंगाचा विचार करा. गॅलरीतले तरुण शिक्षणाने त्या मुलीच्या पुढे होते. ही गोष्ट रमाबाईंनी नाकारली नाही. त्यांनी शिक्षणाची कसोटीच बदलली. आपल्याहून कमी शिकलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, यावर आपले शिक्षण जोखावे, असे त्यांनी सर्वांना शिकविले.

अनुभव थोर की प्रमाणपत्र थोर, हा वाद केवळ आपल्याकडचा नव्हे. नायटिंगेल बाई 1854 साली क्रिमियाच्या युद्धात अडतीस स्त्रिया घेऊन गेल्या, तेव्हा त्यांत जोगिणी होत्या तशा पगारी परिचारिकाही होत्या, आणि त्यांच्यातील कुरबुरी मिटविताना बाईंची दमछाक झाली. पुढे 1887 साली इंग्लंडात बेडफर्ड फेनविक बाईंनी परिचारिकांची संघटना काढली. तीन वर्षांचे शिक्षण झालेल्यांचीच सरकारी पटावर नोंद व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. नायटिंगेल बाईंनी त्यास कडवा विरोध केला. माया, सचोटी आणि धीर हे गुण परीक्षेच्या कागदावर उतरत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. भांडण तीस वर्षांहून अधिक चालले. नायटिंगेल बाई 1910 साली वारल्या, आणि 1919 साली तेथे नोंदणीचा कायदा झाला. त्या कायद्याने नव्यांना शिक्षण व परीक्षा आवश्यक केली, आणि पूर्वीपासून काम करणाऱ्या अनुभवी बायकांनाही ठराविक मुदतीत पटावर येण्यास वाट दिली. दोन्ही पक्षांत तथ्य होते, हेच त्यावरून दिसते.

मुंबई इलाख्यात असा कायदा 1935 साली झाला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. परिचारिका, सुईणी आणि आरोग्याचे काम करणाऱ्या फिरत्या सेविका यांचा विचार त्या एकाच कायद्यात केलेला आहे. आमच्या घरची बोली कोकणी. तिच्यात सुईणीला वैजीण म्हणतात. वैद्य आणि वैजीण, एकाच शब्दाची ही दोन रूपे! ज्या म्हातारीच्या हातांवर आमची गावेच्या गावे जन्मली, तिला आमच्या पूर्वजांनी वैद्याच्या पंक्तीला बसविले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींना एका रुग्णालयात ठेवावे लागले. तेथे पदवीधर तरुण परिचारिका आणि वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या जुन्या बाई यांच्यात विस्तव जात नव्हता. तरुण मुलगी जुन्या बाईंना नाव घेऊन हाक मारी. जुन्या बाई तिच्या पुस्तकी ज्ञानाला नाक मुरडीत. एका रात्री मातोश्रींच्या सुकलेल्या हाताला शीर सापडेना. जुन्या बाईंनी डोळे मिटून बोटांनी चाचपली आणि सुई बरोबर बसविली. दुसऱ्या रात्री औषधाच्या मात्रेतील चूक तरुण मुलीने कागद वाचून ओळखली आणि जुन्या बाईंचा हात वेळीच थांबविला. आमच्या मातोश्री दोघींच्या उपकारांत वाचल्या. परंतु त्या दोघी एकमेकींशी तेव्हाही बोलत नव्हत्या, याचे आम्हांस फार वाईट वाटले. अबोला दोघींचा, त्याची किंमत मात्र एखाद्या रात्री अंथरुणावर पडलेल्या रोग्याला मोजावी लागली असती.

पायऱ्या असाव्यात. ज्याने अधिक शिकले, त्याच्यावर अधिक जबाबदारी यावी आणि त्याचा निर्णय मानला जावा. रोग्याच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. पण पायरी कामाची असते, माणसाची नसते. वरच्या पायरीवरील माणसाने खालच्याला हात द्यावा, आणि खालच्याने वर चढण्याची उमेद सोडू नये, हाच रमाबाईंच्या सदनाचा मार्ग होता.

रमाबाई 1924 साली निवर्तल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. रमाबाईंच्या मृत्यूच्या वेळी पुण्याच्या सेवासदनात एक हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. अकराव्या वर्षापर्यंत ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, त्यांच्या हातून हे घडले. 1962 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

असो. हा लेख लिहून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या खेड्यात गेलो. उपकेंद्राच्या ओट्यावर बायका लेकरे घेऊन बसल्या होत्या, आणि आमची विद्यार्थिनी एका रडणाऱ्या बाळाला लस टोचून त्याच्या आईला ताप आल्यास काय करावे ते समजावीत होती. काम आटोपेपर्यंत आम्ही कडुलिंबाखाली थांबलो आणि मग तिला रमाबाईंची ही हकीकत सांगितली. तिने या वर्षीच्या संमेलनास येण्याचे कबूल केले आहे. तिची मैत्रीणही येणार आहे. दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी असतील, आणि निवेदनात त्यांची नावे पदव्यांवाचून, ज्या क्रमाने त्या एका बाकावर बसत असत त्याच क्रमाने घेतली जातील. त्या वेळी टाळ्या कशा वाजवाव्यात, हे आमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.