पंडिता रमाबाई आणि टाकलेल्यांचा सांभाळ

अन्नवस्त्राची उणीव मनुष्य कसाबसा सोसतो. परंतु आपण कोणाचेच नाहीं ही जाणीव त्यास आंतून पोखरते. आमच्या समाजानें ही शिक्षा विधवेस पिढ्यान्‌पिढ्या दिली, आणि तीही अपराधावांचून. १८५६ च्या कायद्यानें तिच्या पुनर्विवाहास मान्यता दिली खरी. परंतु कायदा हक्क देतो, सोबत देत नाहीं. ती सोबत देण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या पंडिता रमाबाईंचें स्मरण आज करणें उचित होय.

त्यांचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद न जुमानतां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि मातेनें ती विद्या मुलीस दिली. पुढें दुष्काळांत मातापितरें गेलीं. बंधु श्रीनिवास यांजसह रमाबाई देशभर पायीं हिंडल्या. १८७८ त कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस गौरविलें. १८८० त बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांजशीं विवाह झाला. १८८२ त तेही निवर्तले. चोविसाव्या वर्षीं कडेवर तान्ही मनोरमा, आणि पाठीशीं कोणी नाहीं!

१८८३ त त्या इंग्लंडास गेल्या. तेथें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती जोगिणी ममतेनें शुश्रूषा करितात हें पाहून त्यांचें मन ख्रिस्ताकडे वळलें, व त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

१८८९ त त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढें तें पुण्यास नेलें. मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें अशी ओरड १८९३ त झाली. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनीं मुली परत नेल्या. धर्माबाबत तटस्थ राहण्याचें अभिवचन संस्थेनें दिलें होतें. सबब तक्रार अगदींच निराधार नव्हती. परंतु तक्रार करणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं आपल्या घराची कडी एखाद्या निराधार विधवेसाठीं काढली होती? ज्यांस उत्तर द्यावयाचें होतें त्यांनीं तें कृतीनें दिलें. शारदासदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांजशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ त विवाह केला, व १८९६ त विधवांसाठीं स्वतःची संस्था स्थापिली.

आम्हां नागपूरकरांस एक गोष्ट विसरतां येणार नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत आमच्याच मध्यप्रांतांत लेंकी-सुना रस्त्यावर आल्या, तेव्हां रमाबाई येथें धांवून आल्या आणि शेंकडों मुलींस घेऊन गेल्या. पुण्यांत प्लेगामुळें जागा मिळेना, म्हणून केडगांवच्या शेतावर त्यांची सोय लावली. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. शेती, विणकाम, छापखाना अशा उद्योगांनीं मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. आंधळ्यांसही स्पर्शानें वाचावयास शिकविण्यांत आलें. १९२१ त मनोरमाबाई गेल्या, आणि १९२२ त रमाबाईंनींही देह ठेविला. केडगांवचें कार्य आजही चालू आहे.

त्यांचें धर्मांतर ज्यांस रुचत नाहीं त्यांनीं तें खुशाल न रुचवावें. परंतु दुसऱ्यानें उचललेलें आपलें माणूस आधीं आपण टाकलेलें होतें, हें मात्र कबूल करावें. महाल-इतवारीच्या गल्लीगल्लींत आजही एकटीं म्हातारीं माणसें दाराकडे डोळे लावून बसतात. दुकान बंद करून घरीं जातांना त्यांतील एका दाराशीं घटकाभर थांबावयास कोणत्या धर्माची आडकाठी आहे?