आईसक्रीम वितळलं आणि होडीला इंजिन लागलं, असा होता ओले एव्हिनरूड

जेट स्की समुद्रात मधेच बंद पडली की काय होतं, हे तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्सवाल्यांना विचारा. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलत बाजूला घेता येते, पाण्यात तसं नसतं. वारा आणि प्रवाह नेईल तिकडं जावं लागतं. म्हणून पाण्यावरचं इंजिन साधं, हलकं आणि चटकन चालू होणारं पाहिजे. या तीन गोष्टींसाठी आयुष्य घालवणारा माणूस म्हणजे ओले एव्हिनरूड.

जन्म नॉर्वेतला, साल १८७७. तो पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले आणि शेती करू लागले. पोराचं लक्ष मात्र शेतापेक्षा यंत्रात. मोठा झाल्यावर तो कारखान्यांमध्ये मशीनिस्ट म्हणून काम शिकला आणि मिलवॉकीत स्थिरावला.

१९०६ च्या उन्हाळ्यातला त्याचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. ओकाची तलावावर पिकनिक होती, बेस कॅरीला आईसक्रीम खावंसं वाटलं. एव्हिनरूड वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला, आईसक्रीम घेतलं, पण परत येईपर्यंत ते वितळून गेलं. त्यातून होडीला इंजिन लावायची कल्पना सुचली म्हणतात. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

आता होडीमागं टांगायचं इंजिन त्याच्या आधी कुणी केलंच नव्हतं असं नाही. कॅमेरून वॉटरमन नावाच्या अमेरिकन माणसाचं असं इंजिन बाजारात होतं. एव्हिनरूडने ते सामान्य माणसाला वापरता येईल असं केलं. १९०९ साली त्याचं पहिलं इंजिन विक्रीला आलं. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे २८ किलो, किंमत ६२ डॉलर.

कंपनीचा पत्रव्यवहार, हिशोब आणि जाहिराती बेस बघायची. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची जाहिरात तिनेच लिहिली आणि ऑर्डरी धडाधड आल्या. पण कामाच्या ताणाने तिची तब्येत ढासळली. मग एव्हिनरूडने १९१३ च्या सुमारास आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयरला विकला. अट अशी, की पाच वर्षं या धंद्यात उतरायचं नाही.

बायकोमुलाला घेऊन तो फिरला, पण डोक्यातलं इंजिन काही थांबलं नव्हतं. जुन्या मॉडेलच्या खोडी त्याला पाठ होत्या. एकच सिलेंडर, त्यामुळे होडी थरथरायची. चालू करायला फ्लायव्हीलवरची मूठ धरून फिरवायची, इंजिन उलटं उसळलं तर बोटं ठेचायची.

त्याने दोन सिलेंडर समोरासमोर बसवले, थरथर कमी झाली. बरेचसे भाग अॅल्युमिनियमचे केले, वजन २२ किलोच्या आसपास आलं. ताकद मात्र दुप्पट. बॅटरीवरचं इग्निशन लावलं, इंजिन चटकन चालू व्हायला लागलं.

हे डिझाइन घेऊन तो मेयरकडे गेला. मेयरने नको म्हटलं.

आता पंचाईत अशी, की एव्हिनरूड हे नाव जुन्या कंपनीकडं. स्वतःचंच आडनाव इंजिनावर टाकता येईना. मग त्याने एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या शब्दांची आद्याक्षरं घेऊन ‘एल्टो’ नाव काढलं आणि १९२१ मध्ये स्वतःच्याच जुन्या कंपनीसमोर उभा राहिला. १९२९ मध्ये एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवूड एकत्र आल्या. नव्या कंपनीचा प्रमुख ओले एव्हिनरूडच. गेलेलं नाव परत मिळालं.

१९३३ मध्ये बेस गेली आणि पुढच्याच वर्षी एव्हिनरूडही.

पुढं २००१ मध्ये एव्हिनरूड ब्रँड बॉम्बार्डिए कंपनीने घेतला. सी-डू जेट स्की तेव्हा हीच कंपनी बनवायची. २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनांचं उत्पादन थांबलं.

जेट स्कीला मागं पंखा नसतो, आतला पंप पाणी ओढून जोरात मागं फेकतो. पण जुन्या जेट स्कीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि एव्हिनरूडचं इंजिन एकाच जातकुळीतलं. म्हणून बंद पडलं की तपासणीही तीच. पेट्रोल जुनं होऊन कार्ब्युरेटर तुंबलाय का? प्लग काढून बघा, ठिणगी पडते का? दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आहे का? ऑइल नीट जातंय का? थंड करणाऱ्या पाण्याची वाट वाळूने बंद झालीय का? एकेक गोष्ट बघत गेलं की बिघाड सापडतो. सगळं एकदम खोललं तर मात्र मूळ दोष कुठला हेच कळत नाही.

कोकणात छोट्या होड्यांच्या मागं लटकलेलं आउटबोर्ड मशीन बघितलं, की त्यामागं मिलवॉकीतल्या या मशीनिस्टचं डोकं आहे हे लक्षात असू द्या.