तीन तासांचे हृदय

नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) मी उभी हयात जनरल प्रॅक्टिस केली. औषधाने गुण येईना की इकडची माणसे पुणे नाहीतर मुंबई गाठतात, आणि गरिबाची मुंबई म्हणजे परळचे केईएम. गाठोडे, भाकरी आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन तिथल्या व्हरांड्यात बसलेल्या आपल्या माणसांना ठाऊक नसते, की याच इमारतीत १९६८ साली एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडले होते. ते बसवणाऱ्या सर्जनचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. त्यांना जाऊन चार दशके उलटली. वैद्यकीय वर्तुळाबाहेर हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. घ्यायला हवे, असे मला वाटते. आणि त्याचे कारण केवळ जुना अभिमान नव्हे.

सेन जन्माने बंगाली, १९१५ सालचे. कर्मभूमी मात्र मुंबई. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम ही दोन्ही १९२६ पासूनची. लोकांच्या देणग्यांवर आणि महापालिकेच्या पैशावर उभी राहिलेली ही संस्था हेच सेनांचे घर झाले. पन्नासच्या दशकात छाती उघडून हृदयाला हात लावणे म्हणजे मृत्यूशी पैज होती. आपल्याकडे तर संधिवाताच्या तापाने लहान वयातच हृदयाची झडप आवळून गेलेले रुग्ण रांगेने येत. सेन अमेरिकेत शिकून आले आणि बोटाने चाचपून, झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी इथे सुरू केल्या. पुढे हृदय थांबवून काम करायचे तर हृदय-फुफ्फुस यंत्र हवे. परदेशी चलनाची चणचण होती, सुटे भाग मिळायचे नाहीत. तेव्हा मुंबईतच जुळवाजुळव करून, आधी कुत्र्यांवर आणि मग माणसांवर, ही विद्या त्यांनी रुजवली.

सेनांची बुद्धी कुठून कुठे जाई याचा एक नमुना सांगतो. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला बरेचसे रक्त थेट आतल्या पोकळीतूनच मिळते. मग ज्या माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या तुंबल्या आहेत, त्याच्या हृदयाला सुईने बारीक छिद्रे पाडली तर? डॉ. उडवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. परुळकर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९६५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. तीस वर्षांनी पाश्चात्त्य देशांत हीच कल्पना लेसर किरणांच्या रूपाने पुन्हा आली. ती फार टिकली नाही, हा भाग वेगळा.

त्याच १९६५ साली कुत्र्यांवरील शंभर हृदयारोपणांचा त्यांचा प्राथमिक अहवाल छापून आला. केईएममध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णाला बसवण्याचा प्रयत्नही त्यांनी त्याच वर्षी केला. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. म्हणजे १९६७ च्या ३ डिसेंबरला केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय बसवले, तेव्हा सेन वर्तमानपत्र वाचून जागे झालेले नव्हते. त्यांची तयारी आधीपासून चालू होती.

फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी ते धाडस केले. रेल्वे अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणीचे हृदय, हृदयाचा स्नायूच निकामी झालेल्या एका तरुण शेतकऱ्याला बसवण्यात आले. जगातले हे सहावे हृदयारोपण. बर्नार्ड, कँट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर हे करणारे सेन चौथे सर्जन. नवे हृदय चालू झाले. पण रुग्णाच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब इतका चढलेला होता, की त्या हृदयाला तो पेलवला नाही. तीन तासांत सारे संपले. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला. तोही रुग्ण दिवस उलटायच्या आत गेला. सेनांना १९६९ साली पद्मभूषण मिळाले, पण त्यांनी तिसरे हृदय बसवले नाही.

हे शौर्य की घाई, असा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. नव्या अवयवाशी शरीर वैर धरते, त्या वैराला आवर घालणारे नेमके औषध तेव्हा नव्हते. १९६८ मध्ये जगात शंभराच्या आसपास हृदये बसवली गेली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले. पुढे बहुतेक केंद्रांनी हात आखडता घेतला. सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि चित्र पालटले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९८३ साली. सेन १९८२ मध्येच गेले होते.

पण माझ्या लेखी खरी गोष्ट औषधाची नाही, मरणाची आहे. मूत्रपिंडे दोन असतात, त्यातले एक जिवंत माणूस देऊ शकतो. १९५४ साली बोस्टनला डॉ. मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले ते असेच. हृदय एकच. ते घ्यायचे तर देणारा मेलेला हवा, आणि हृदय मात्र ताजे हवे. मग मेला म्हणायचे कधी? मेंदू मेला की माणूस मेला, हा निकष हार्वर्डच्या समितीने मांडला तो ऑगस्ट १९६८ मध्ये, सेनांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. मुंबई राज्यात नेत्ररोपणाचा कायदा १९५७ पासून होता, महाराष्ट्रात मूत्रपिंडारोपणाचा १९८२ मध्ये आला. मेंदूमृत्यूला देशाच्या कायद्यात जागा मिळाली ती १९९४ साली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी हृदयारोपण यशस्वी केले. मधली सव्वीस वर्षे कुठे गेली?

ती गेली जिवंत माणसांच्या पोटांतून. मृताकडून घेण्याची वाट बंद, तेव्हा मूत्रपिंड जिवंताकडूनच घ्यायचे. आधी नातेवाईक, मग विकत. ऐंशीच्या दशकात मुंबईत गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजार कसा भरला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. १९९४ च्या कायद्याने विक्री हा गुन्हा ठरवला. पण सवय राहिली. आजही आपल्या देशातली बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर चालतात. देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त.

हे आकडे मी दवाखान्यात चेहऱ्यांसकट पाहिले आहेत. कर्त्या मुलाची किडनी गेली की सगळे घर न बोलता आईकडे बघते, नाहीतर बायकोकडे. तिला कोणी जबरदस्ती करत नाही. तिला विचारतही नाही. सुनेची किडनी गेली की मात्र माहेरी फोन जातो. असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. देणाऱ्या आईची माया खोटी असते असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो, की नाही म्हणायची मुभा असेल तरच होकाराला अर्थ.

आणि ती विचारेल, मला पुढे काय होईल? त्याचे उत्तर आता बरेचसे आहे. नीट तपासून निवडलेला दाता सर्वसाधारण माणसाइतकाच जगतो, असे २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. २०१४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी तुलना अधिक चोख केली. आयुष्यभरात मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका दात्यांत दहा हजारांत ९०, तितक्याच निरोगी पण दान न केलेल्यांत १४, आणि न निवडलेल्या सर्वसाधारण लोकांत ३२६. धोका थोडा, पण आहे. म्हणून दात्याचे रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन दरवर्षी तपासायला हवे. गावाकडे घडते असे, की मुलगा मुंबईला तपासणीला जात राहतो आणि आई ऊस खुरपायला जाते.

सेनांच्या त्या तीन तासांकडे मी याच बाजूने पाहतो. रुग्ण वाचला नाही, म्हणून ते अपयश; हे खरेच. पण आपल्याकडे प्रत्यारोपणाचा विचार जिवंत आईच्या पोटावरून हलवून मृत्यूनंतरच्या दानाकडे नेण्याचा तो पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. रस्त्यावर डोक्याला मार लागून माणूस जातो, तेव्हा त्याची दोन मूत्रपिंडे, यकृत आणि हृदय चार घरांना उपयोगी पडू शकतात, आणि त्यातल्या दोन घरांतल्या आयांचे पोट शाबूत राहू शकते. नगर-मनमाड आणि नगर-पुणे रस्त्यांवर किती जीव जातात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या घरात त्या घटकेला प्रश्न विचारणारा कोणीतरी हवा, आणि त्यावर आधी एकदा बोलणे झालेले हवे. ते बोलणे आज, सगळे धडधाकट असताना, जेवणाच्या पंगतीत करता येते.