योहान हाइनरिक पेस्टालोझी

योहान हाइनरिक पेस्टालोझी (जन्म : १२ जानेवारी १७४६, झ्युरिक, मृत्यू : १७ फेब्रुवारी १८२७, ब्रूग) हे स्विस शिक्षणतज्ज्ञ होते. लहान मुलाने शाळेच्या पहिल्या वर्षांत काय आणि कोणत्या क्रमाने शिकावे, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला.

जीवन

वडील लवकर वारल्याने आई व घरातील मोलकरीण यांनी त्यांना वाढवले. खेड्यात धर्मोपदेशक असलेल्या आजोबांकडे जाता-येता त्यांना ग्रामीण दारिद्र्याचे दर्शन घडले. नॉयहोफ येथे केलेली शेती फसली. तेथेच १७७४ साली गरीब मुलांसाठी काढलेली, सूतकताईच्या जोडीने लेखन-वाचन शिकवणारी शाळाही १७८० मध्ये कर्जापायी बंद पडली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘लीनहार्ट आणि गर्ट्रूड’ या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने श्टान्स परिसरातील प्रतिकार चिरडला व अनेक मुले निराधार झाली. जानेवारी १७९९ मध्ये पेस्टालोझींनी तेथील मठाच्या इमारतीत अनाथालय उघडले. मुले सुमारे ८०, शिकवणारे मात्र ते एकटेच. जूनमध्ये सैनिकी रुग्णालयासाठी इमारत काढून घेण्यात आली. तरीही त्यांच्या शिक्षणपद्धतीचा पाया याच पाच महिन्यांत घातला गेला. पुढे बुर्गडोर्फ आणि नंतर इव्हर्डन येथील त्यांच्या संस्था युरोपभर गाजल्या. सहकाऱ्यांमधील भांडणे त्यांना आवरता आली नाहीत आणि १८२५ मध्ये इव्हर्डनची संस्था बंद झाली.

शिक्षणपद्धती

त्या काळी मुले प्रश्नोत्तररूपी धर्मपाठ अर्थ न कळताच घोकत. पेस्टालोझींनी आरंभीच्या शिक्षणाची संख्या, आकार व शब्द अशी तीन अंगे मानली. मुलाने आधी खडे मोजावेत, अंक मागाहून लिहावेत. हात रेषा काढण्यास सरावल्यावर अक्षराकडे वळावे. इव्हर्डन येथे मुलांना जवळच्या दरीत नेत, तेथून आणलेल्या मातीची त्याच दरीची प्रतिकृती करवून घेत, आणि त्यानंतरच नकाशा दाखवीत. भूगोल शिकवण्याची ही रीत आजही जुनी वाटत नाही.

मात्र त्यांच्या प्रत्यक्ष अध्यापनात यांत्रिकपणाही पुष्कळ होता. बुर्गडोर्फच्या वर्गात भिंतीवरील फाटक्या कागदाचे वर्णन मुलांकडून एका सुरात पुनःपुन्हा म्हणवून घेतले जाई. घोकंपट्टीचा विरोधक अशा रीतीने नव्या घोकंपट्टीच्या उंबरठ्यावर उभा होता. अनुयायांनी तो उंबरठा बऱ्याचदा ओलांडला.

प्रभाव

बालोद्यानाचे प्रवर्तक फ्रोबेल १८०८ ते १८१० या काळात इव्हर्डन येथे होते. प्रशियाने आपले तरुण शिक्षक तेथे प्रशिक्षणासाठी पाठवले. इंग्लंडमध्ये मेयो भावंडांनी या पद्धतीला पदार्थांवरील पाठांचे रूप दिले. ब्रिटिश अमदानीत हे पाठ भारतीय शाळांतही आले. मराठीत त्यांना ‘वस्तुपाठ’ म्हणत. आज हा शब्द अनुकरणीय उदाहरण या अर्थानेच अधिक वापरला जातो.