ज्ञानेश्वरकन्या प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज

वैनगंगेच्या पाण्याने पावन झालेल्या भंडारा जिल्ह्यात यात्रेकरू वर्षभर एका दैवताकडून दुसऱ्या दैवताकडे जात असतात. नवरात्रात मोहाडीच्या चौंडेश्वरीला खणानारळाची ओटी भरली जाते, महाशिवरात्रीला गायमुख येथे महादेवाचा गजर होतो, मेंढा येथील भृशुंड गणेशापुढे दूर्वा वाहिल्या जातात. भाविक एका ठिकाणी माय म्हणून पदर पसरतो, दुसऱ्या ठिकाणी बाप म्हणून माथा टेकवितो. या प्रवासात कधीतरी एखादे लहान मूल विचारते की देव बाई आहे की माणूस. मोठी माणसे हसून प्रश्न टाळतात. परंतु विदर्भाच्याच भूमीत असे एक सत्पुरुष होऊन गेले की ज्यांचे सारे जीवन म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय. ते म्हणजे माधानचे संत प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म दि. 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी कुणबी समाजातील मोहोड घराण्यात झाला. वडील गोंदुजी हे माधानचे आणि मातुःश्रींचे नाव अलोकाबाई. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांच्या दुखण्यात झालेल्या चुकीच्या उपचाराने बाळाची दृष्टी कायमची गेली. बालपणीच आईचे छत्र हरपले व आजीने त्यांचा सांभाळ केला. ज्याला आईचा चेहरा आठवणे शक्य नव्हते, त्या बालकाला आई म्हणजे हाक, स्पर्श आणि माया एवढीच ओळख होती. पुढे त्यांनी देवाशी जे नाते जोडले, त्याचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शाळेची पाटी त्यांच्या हाती आली नाही. इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यावेत, एकदा ऐकलेले चित्तात साठवावे आणि त्यावर मनन करावे, हाच त्यांचा अभ्यास. वेदान्त, सांख्य, योग, भक्तिशास्त्र, आयुर्वेद, संगीत, एवढेच नव्हे तर पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचाही परामर्श त्यांनी घेतला. बाह्य नेत्र नसून ज्ञानाचे नेत्र उघडे, म्हणून लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. 1896 साली मनकर्णिकाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी गृहस्थाश्रम स्वीकारला.

ज्ञानेश्वर माउलींची कन्या

महाराजांच्या चरित्रातील मोठे वळण 1901 साली आले. संत ज्ञानेश्वरांनी त्यांना दर्शन दिले, मांडीवर घेतले व स्वनामाचा मंत्र दिला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदी येथे समाधी घेतली, म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये सहाशे वर्षांहून अधिक काळाचे अंतर. तरीही महाराजांनी ज्ञानेश्वरांनाच आपले माता, पिता व सद्गुरू मानले आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणविले.

येथे भाविकाने क्षणभर थांबावे. ज्ञानेश्वर हे पुरुषदेहधारी, पण सारा महाराष्ट्र त्यांना माउली म्हणतो. पंढरीचा विठ्ठल पुरुषरूपात विटेवर उभा, पण वारकरी त्याला विठाई म्हणतो. हे केवळ लाडाचे बोलणे नव्हे. चुकल्या लेकराला न विचारता जवळ घेणारी जी माया, तिला आपल्या भाषेत आई हाच शब्द आहे. ती माया जेथे भेटली, तेथे तो शब्द आपोआप ओठी आला. मूर्तीचा आकार पाहून नव्हे, तर अनुभवाची जात पाहून भक्ताने नाव ठेवले. माउली आई ठरल्यावर पुरुषदेहातील गुलाबराव तिची कन्या झाले, यात म्हणूनच विसंगती नाही.

कात्यायनी व्रत व मधुरा भक्ती

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात गोकुळातील कुमारिकांनी मार्गशीर्ष महिन्यात कात्यायनी देवीचे व्रत करून श्रीकृष्ण पती म्हणून मागितल्याची कथा आहे. महाराजांनी 1905 साली तेच कात्यायनी व्रत केले. माउलींच्या कन्येचा विवाह श्रीकृष्णाशी झाला, असा त्यांचा भाव होता. आपण गोकुळातील पंचलतिका नावाची गोपी आहोत, असे ते मानीत. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि स्त्रीवेश त्यांनी उपासनेचे अंग म्हणून धारण केला.

त्या काळच्या वऱ्हाडात एका पाटील घराण्यातील विवाहित पुरुषाने मंगळसूत्र घालावे, ही सोपी गोष्ट नव्हती. घरात ते पती होते, पिता होते. देवापुढे मात्र ते पत्नी होते. लोकदृष्टीला हा विरोध वाटला, तरी साधनेच्या दृष्टीने तो विरोध नव्हता. पुरुष म्हणून असलेला मोठेपणा, घराण्याचा अभिमान, कर्तेपणाचा ताठा हे सारे देवाच्या दारी उतरवून ठेवल्याशिवाय शरणागती पूर्ण होत नाही. महाराजांनी तो ताठा मनातून तर काढलाच, पण चारचौघांत अंगावरूनही उतरविला. याच मधुरा भक्तीची साधना बंगालचे श्रीरामकृष्ण परमहंस यांनीही काही काळ स्त्रीवेश धारण करून केली होती.

तत्त्वाला लिंग नाही, नात्याला आहे

महाराज हे केवळ भावुक भक्त नव्हते. ते अद्वैती होते. ज्या शांकर अद्वैताचा त्यांनी पुरस्कार केला, त्यात परब्रह्म निर्गुण, निराकार आहे. मग त्याला पती कसे म्हणावे? येथेच त्यांच्या मधुराद्वैत दर्शनाचे महत्त्व आहे. ज्ञानाने एकत्व पटले तरी प्रेमसुखासाठी भक्त आणि भगवंत हे गोड द्वैत राहू शकते, असा त्याचा आशय आहे.

आपली भाषाही याची साक्ष देते. मराठीत तो देव, ती देवी, ते दैवत. ब्रह्म हा शब्द नपुंसकलिंगी. देवता हा शब्द मात्र स्त्रीलिंगी, मग ती देवता गणपती असो वा अंबाबाई. श्वेताश्वतर उपनिषदात परमात्म्याला उद्देशून स्त्री तूच व पुरुषही तूच अशा आशयाचे वर्णन आले आहे, आणि जीवात्मा स्त्रीही नाही, पुरुषही नाही, नपुंसकही नाही, असेही तेथेच सांगितले आहे. अर्धनारीनटेश्वराच्या मूर्तीत तोच विचार शिल्पकाराने दगडात उभा केला. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचा आरंभही शिवशक्तीच्या अशा वंदनाने होतो, ज्यात दोघांना वेगळे काढता येत नाही.

मग माणूस देवाला स्त्री किंवा पुरुष का ठरवितो? कारण माणसाला नाते हवे असते. निराकाराला हाक मारता येत नाही. हाक मारायला आई, बाप, सखा, धनी असा कोणीतरी समोर लागतो. माणसाने घरात जी नाती अनुभवली, त्याच नात्यांनी तो देवाला ओळखतो. लिंग हे देवतत्त्वाचे नव्हे, तर या नात्याचे आहे. म्हणून ते खोटेही नाही आणि अंतिमही नाही.

ग्रंथसंपदा व निर्वाण

महाराजांनी मराठी, हिंदी व संस्कृत भाषांत शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. संप्रदायसुरतरु, साधुबोध, प्रेमनिकुंज ही त्यांतील काही नावे. दि. 20 सप्टेंबर 1915 रोजी पुणे येथे वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे शिष्योत्तम बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांच्या विचारांचा प्रसार केला. अमरावती जिल्ह्यात माधान व चांदूर बाजार येथील भक्तिधाम ही स्थाने आजही भाविकांना त्यांचे स्मरण करून देतात.

ज्यांना डोळ्यांनी पाहिलेली एकही मूर्ती आठवणे शक्य नव्हते, त्यांना देव पुरुषरूपाचा की स्त्रीरूपाचा हे पाहून ठरविण्याचा मार्गच नव्हता. त्यांनी तो नात्याने ओळखला. भंडारा जिल्ह्यातील देवळांतून फिरणाऱ्या यात्रेकरूने मोहाडीला आई म्हणावे, गायमुखला बाप म्हणावे, आणि मुलाने प्रश्न विचारला तर तो टाळू नये. ज्या नात्याने हाक मारशील त्या नात्याने देव भेटतो, एवढे त्याला सांगावे. श्रीगुलाबराव महाराजांच्या चरित्राचे सार याहून वेगळे नाही.